खुर्चीमागची झीज

१

दातांच्या लॅबमधलं माझं काम दुपारी जेवणाच्या सुमारास आटोपतं. मी कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवतो. साठीच्या माणसाच्या तोंडात पांढराशुभ्र दात बसवला, तर तो हसला की समोरचा दचकतो. म्हणून नव्या कॅपवर बारीक ब्रशने थोडा पिवळेपणा चढवावा लागतो, हिरडीजवळ चहाची तपकिरी झाक द्यावी लागते, क्वचित केसासारखी एखादी चीरही काढावी लागते. कोऱ्या वस्तूला वय देणं हा माझा धंदा. अलीकडेपर्यंत घरी येऊनही मी तेच करायचो, फक्त दातांऐवजी रणगाड्यांवर.

हे रणगाडे काडेपेटीएवढे असतात. हार्डवेअरच्या एका दुकानाच्या माडीवर हॉल आहे. तिथे रविवारी दुपारी काही मंडळी मोठ्या टेबलावर टेकड्या, झाडं, पडकी घरं मांडतात आणि फासे टाकून युद्ध खेळतात. मी खेळत नाही. मी त्यांचे रणगाडे रंगवायचो, म्हणून ते मला रंगारी म्हणतात. त्यांचा म्होरक्या कर्नल. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्याने आयुष्यात छर्‍याची बंदूकसुद्धा धरलेली नाही, पण मिशा अशा राखल्यात की दुसरं नाव शोभलं नसतं.

रंग कोणीही देईल. खरं काम त्यानंतर सुरू होतं. रणगाडा कारखान्यातून आत्ता बाहेर पडला असं दिसता कामा नये. तो चिखल तुडवत, उन्हात तापत, पावसात भिजत आलेला दिसला पाहिजे. पट्ट्यांत माती, धुराड्याजवळ काजळी, पाणी ओघळतं तिथे गंजाची रेघ. आणि सगळ्यात अवघड म्हणजे झीज. रंग कुठेही उडवून चालत नाही. तो माणसाच्या सवयीने उडतो. शिपाई रोज डावीकडून चढतो, म्हणून तिथली कड उघडी पडते. एक हात झाकणाच्या कडेला धरतो, म्हणून तिथलं लोखंड चकाकतं. माणूस दिसत नाही, पण तो कुठे पाय देतो, कुठे टेकतो, कुठे कंटाळून बसतो, ते सगळं कळायला हवं. बरीच वर्षं हे करत आल्यामुळे मला कुठल्याही वस्तूवरची झीज वाचता येते. बसमधला दांडा बघून लोक कोणत्या उंचीचे आहेत ते सांगू शकतो. याचा उपयोग शून्य.

मी तेव्हा एकटा राहत होतो. बायको गेल्यानंतर मोठी खोली बंद करावी असं खूपदा मनात आलं, पण एकट्या माणसाच्या घरात बंद खोली बरी दिसत नाही, म्हणून उघडीच ठेवली. कामाची खोली मागच्या बाजूला. त्या खोलीत बायको कधी आली नाही. रंगाच्या वासाने तिचं डोकं उठायचं. ती बाहेरून हाक मारायची आणि मी आतून ओ द्यायचो. टेबल खिडकीला लागून होतं, म्हणजे बसलो की दार पाठीमागे यायचं. दुपारभर फ्रीजचा आवाज, खाली कुणाच्या तरी शटरचा आवाज, आणि पाण्याच्या भांड्यात ब्रश बुडवला की होणारा टक् असा आवाज. एवढाच संसार.

२

बसायची खुर्ची लाकडी होती, सरळ पाठीची. आदल्या हिवाळ्यात रणगाड्यांचा हिरवा रंग उरला होता, तो मीच तिला दिला. रंग चांगला बसला होता.

एका दुपारी खुर्ची ओढताना माझी नजर तिच्या वरच्या पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. पट्टीवर दोन ठिकाणी रंग उडाला होता. लाकूड दिसत होतं, आणि तेही कोरं नाही, तर गुळगुळीत, हाताळून काळवंडलेलं. एक जागा डावीकडे, एक उजवीकडे. मधला हिरवा रंग जसाच्या तसा.

पाठ घासून झालं असेल, असं वाटलं. मग लक्षात आलं की मी पाठ टेकून बसतच नाही. काम करताना पुढे झुकलेला असतो, नाक रणगाड्याला लागेल इतका. खुर्ची ओढून झालं असेल म्हणावं, तर ओढताना मी पट्टी मधोमध धरतो, तेही एका हाताने. मी मुद्दाम तीनचारदा खोलीबाहेर जाऊन आलो, विचार न करता खुर्ची ओढायची असं ठरवून. ठरवून विचार न करणं जमत नाही, पण हात मधेच गेला.

ही झीज मी रंगवली असती तर कशासाठी रंगवली असती, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं. कुणीतरी खुर्चीमागे उभं राहतं, दोन्ही हात पट्टीवर टेकवतं आणि बसलेल्याच्या खांद्यावरून पुढे काय चाललंय ते बघतं. रोज.

मी स्वतः खुर्चीमागे उभा राहिलो आणि हात टेकवून पाहिले. माझे हात त्या जागांवर बसेनात. त्या जागा माझ्या खांद्यांपेक्षा फार लांब लांब होत्या. तिथवर हात न्यायचे तर मला कोपर बाहेर काढून बेडकासारखं उभं राहावं लागत होतं.

खाली बघायचं नाही असं मनात होतं, तरी पाहिलं. जमिनीवर लाकडासारखं दिसणारं लिनोलियम अंथरलेलं होतं, त्याला चकाकी होती. खुर्चीमागे दोन जागी ती गेली होती. तेवढंच. दारापासून तिथवर पायवाट उमटलेली नव्हती.

त्या दिवशी मी काम केलं नाही. मोठ्या खोलीत रेडिओ लावून बसलो आणि कसल्यातरी पिकांवरचा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला.

३

रविवारी कर्नलला सांगितलं. सरळ सांगायची लाज वाटली, म्हणून गमतीने सांगितलं. तो फासे खुळखुळवत ऐकत होता. म्हणाला, रंगारी, तुमच्या डोळ्यांत गंज शिरलाय, दुकानात या, नंबर तपासून देतो. बाकीचे हसले, मीही हसलो. मग तो जरा गंभीर झाला आणि म्हणाला की खुर्ची बहुतेक आधीच झिजलेली असणार, रंग पातळ बसला असेल, तो आधीच्या झिजेवरून निघून आला. हे पटण्यासारखं होतं. मी खुर्ची जुन्या बाजारातून आणली होती. रंगवताना खालचं लाकूड कसं होतं ते मला आठवेना.

घरी येईपर्यंत मी या स्पष्टीकरणावर खूश होतो. लिनोलियमसुद्धा आधीच्या भाडेकरूने कपाट ठेवून खराब केलं असेल. माणूस एकटा राहिला की घरातल्या वस्तू जास्त दिसू लागतात, एवढाच याचा अर्थ.

मग कामाच्या खोलीतल्या फडताळाकडे गेलो. विकायचे नाहीत असे काही रणगाडे मी स्वतःसाठी ठेवले होते. त्यांत सगळ्यात चांगला जमलेला एक होता. त्याच्यावरची एकेक खूण माझ्या ब्रशची होती, ती मला डोळे मिटून सांगता आली असती. मी तो उचलून खिडकीशी नेला. तोफ बसवलेल्या वरच्या घुमटाच्या दोन्ही बाजूंना रंग गेला होता. मी काढलेला नव्हता तो. खालचा काळा अस्तराचा रंग आणि त्याखालचं करडं प्लॅस्टिक, दोन्ही दिसत होतं. एखादी वस्तू आपल्याला आवडते आणि येता जाता उचलून बघितली जाते, तशी झीज होती. फार अलगद धरलेलं असावं. तोफेची नळी काडीसारखी नाजूक असते, ती शाबूत होती.

मी तो रणगाडा परत ठेवला आणि कोणी विचारलं नसताना मोठ्याने म्हणालो, ‘बरं.’ का म्हणालो ते माहीत नाही.

४

झीज दाखवायची एक युक्ती आहे. आधी गंजाचा तांबूस रंग द्यायचा. तो वाळला की त्यावर केसांना मारायचा स्प्रे फवारायचा, आणि त्यावर वरचा रंग. मग ओलसर ब्रश टेकवला की वरचा रंग सालीसारखा निघतो आणि खालचा गंज दिसतो. घामट बोट लागलं तरी निघतो.

मी खुर्चीची अख्खी पाठ तशी रंगवली. दाराची कडी, बाहेरची आणि आतली. खिडकीची खिट्टी. माझा हिशेब साधा होता. कुणाकडे तरी किल्ली आहे, मी लॅबमध्ये असताना कुणीतरी येतं, बघतं, जातं. हे भयंकर आहे, पण त्यावर कुलूप बदलणं हा उपाय आहे. खरं सांगायचं तर तसं निघावं अशी मी वाट बघत होतो. सकाळी हातमोजे घालून, खोलीचं दार कोपराने ओढून बाहेर पडलो.

लॅबमध्ये एक कॅप बिघडवली. मालकाने ती उचलून कचऱ्यात टाकली. घरी आलो तर बाहेरचं कुलूप ठीक. खोलीची बाहेरची कडी हिरवी, नवीकोरी, मोज्याचाही डाग नाही. आत गेलो. आतली कडी हिरवी. खिट्टी हिरवी.

खुर्चीची पाठ तांबूस झाली होती.

वरच्या पट्टीवर ठरलेल्या दोन जागा तर होत्याच. पण आता, नव्या रंगामुळे, पूर्ण ठसा दिसत होता. पट्टीवरून पुढच्या बाजूला वळून खाली, मी बसलो तर कंबर जिथे येते जवळजवळ तिथवर, लांबट पट्टे उतरले होते. ओरखडे नव्हते ते. टेकवलेल्या बोटांचे होते. बोटं असं मी म्हणतो, कारण दुसरा शब्द सुचत नाही. मी माझी बोटं त्यांच्याशेजारी धरली आणि पटकन काढून घेतली.

दार उघडलेलं नव्हतं, खिडकी उघडलेली नव्हती. म्हणजे ते बाहेरून आलंच नव्हतं, आणि बाहेर गेलंही नव्हतं.

मी खोलीच्या मधोमध उभा होतो. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं, ब्रशच्या बरण्या चमकत होत्या, खालून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. इतकी साधी खोली. मी पाठ भिंतीकडे करून, कडेकडेने सरकत बाहेर आलो आणि ताईला फोन लावला. बरं वाटत नाही, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, उद्या येते.

५

ताई माझ्याहून मोठी. शिवणकाम करते, माणसाच्या आधी त्याचे कपडे बघते. आल्या आल्या तिने माझी कॉलर बघितली, मग फ्रीज उघडला, मग माझ्यावर बरसली. दोन दिवस घर धुऊन काढलं. मी तिला खुर्ची दाखवली नाही. कर्नलची ऑर्डर राहिली होती, आणि घरात माणूस होतं, भांड्यांचे आवाज होते, त्यामुळे धीर आला. खुर्ची बदलावी असंही मनात आलं नाही. दुसऱ्या दुपारी मी कामाला बसलो.

हात छान चालत होता. बऱ्याच दिवसांनी चालत होता. एका कडेवर ठिपक्याएवढा गंज ठेवायचा होता, मी श्वास धरला होता. मागे दाराशी कपबशी किणकिणली. ताई चहा घेऊन आली असणार. मी न वळता म्हणालो, ठेव इथे, हात लावू नको कशाला. ती आत आली नाही. ठिपका जमला. मी वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. दोन कप बाहेर फरशीवर, भिंतीला लावून ठेवले होते.

स्वयंपाकघरात गेलो तर ती इस्त्री करत होती. चेहरा मुलखाचा शांत. तिने माझा एक शर्ट उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. कापड खांद्यांवर इतकं विरलं होतं की त्यातून समोरची गच्ची दिसत होती. तिने दुसरा शर्ट धरला. तिसरा. सगळे तसेच, दोन्ही खांद्यांवर, त्याच जागी.

‘माणसाची कॉलर जाते,’ ती म्हणाली, ‘बाही जाते, कोपर जातं. खांदा असा कुणाचा जात नाही. तू काही ओझं वाहतोस का?’

मी नाही म्हणालो.

‘कधीपासून जाणवतंय?’

काहीच जाणवत नाही म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की हे खोटं आहे. दुपारी काम करताना खांद्यांना एक ऊब लागते. उन्हाची असावी असं मी धरून चाललो होतो. ऊन समोरून येतं.

ताईने इस्त्री बंद केली, तिची आणि माझी पिशवी भरली. त्या खोलीतलं मला काही घेऊ दिलं नाही. मी फक्त खोलीचं दार ओढून घेऊ का विचारलं, तर म्हणाली, राहू दे उघडं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी विचारलं, तू काय बघितलंस.

‘तू रंगवत होतास.’

‘आणि?’

तिने पदर सारखा केला. ‘ते तुझ्याकडे बघत नव्हतं,’ ती हळूच म्हणाली. ‘तुझ्या हातातल्या त्या गाडीकडे बघत होतं. किती वाकलं होतं. लहान मूल बघतं ना, तसं. श्वाससुद्धा तुझ्याबरोबर धरला होता.’

आणखी विचारलं तर तिने पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. त्याबद्दल ती पुन्हा कधीच बोलली नाही. मीही विषय काढला नाही.

६

आता मी ताईकडे राहतो. तिच्या गावात दातांची लॅब मिळाली, काम तेच. भाड्याचं घर सोडलं. सामान आणायला भावजी गेले होते, त्यांना खोलीत काही वावगं दिसलं नाही. खुर्ची त्यांनी तिथेच कुणाला तरी देऊन टाकली. रणगाडे कर्नलने नेले. नवीन शर्ट ताईने स्वतः शिवले. दर धुण्याला ती ते खिडकीत धरून बघते, मी बघितलं नाही असं दाखवतो. खांद्याचं कापड घट्ट आहे, उन्हालाही आत सोडत नाही.

घर भरलेलं असतं. भावजींचे मित्र येतात, शेजारीण येऊन गप्पा मारत बसते, टीव्ही चालू असतो. मला सगळे जपतात. जेवताना मला पहिलं वाढतात. एकटं वाटायचं काही कारण उरलेलं नाही.

काही महिन्यांनी कर्नलने एक कोरा रणगाडा पार्सलने पाठवला. नाही म्हणू नका, रंगारी, हा एकच, असं फोनवर म्हणाला. ताईच्या कपाळाला आठी पडली, पण ती म्हणाली की सगळ्यांमध्ये बसून कर. तिने जेवणाचं टेबल दिलं आणि माझी खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवली, पाठीमागे उदबत्तीसुद्धा राहणार नाही इतकी. मी तसा बसलो. रंग दिला, माती भरली, कडांवरचा रंग उडवला. हात अडखळत होता. तरी पुरा केला. भावजींना दाखवला. ते टीव्हीकडे बघतच म्हणाले, वा, छान. शेजारीण म्हणाली, अगदी खराखुरा. डाव्या बाजूची चढायची झीज मी विसरलो होतो. शिपाई कुठून चढला, ते त्या गाडीवर कुठेच नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात यावं असं कुणालाच वाटत नव्हतं, त्यांचा काय दोष.

मी तो धुऊन काढला. सगळा रंग, साबणाच्या पाण्यात, प्लॅस्टिक दिसेपर्यंत.

काल सकाळी ताई आणि भावजी एका साखरपुड्याला गेले. मी जायला हवं होतं, पण अंग दुखतंय म्हणालो. ताईने दारात चप्पल घालताना माझ्याकडे नीट पाहिलं. रंगकामासाठी मी टेबलावर अंथरलेला पांढरा कागद तिने पाहिला होता. ‘भिंतीला टेकून बस,’ एवढं म्हणाली आणि गेली.

घर शांत झालं. मी ब्रश काढले, पाणी घेतलं, रणगाडा बोटांत धरला. बराच वेळ नुसताच धरून बसलो. भीती वाटत होती. अजूनही वाटते. त्या बोटांची लांबी मला रोज आठवते, आणि ताईने जे सांगितलं नाही ते तर त्याहून जास्त. पण मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात आणि टेबलावर अशा खुणा करत आलो, ज्या कुणी बघू नयेत हेच त्यांचं यश होतं. त्या मागच्या खोलीत, किती काळ कोण जाणे, माझ्या एकेका ठिपक्यासाठी कुणीतरी श्वास धरत होतं.

मी उठलो. टेबल खिडकीपाशी ओढलं. खुर्ची भिंतीपासून काढून दाराकडे पाठ येईल अशी लावली. मग खुर्चीमागे काय काय आहे ते पाहिलं. भावजींचं स्टूल होतं, वर्तमानपत्रांची रद्दी होती. दोन्ही उचलून बाजूला ठेवली. जागा पुरेल का याचा अंदाज घेतला आणि टेबल आणखी थोडं पुढे सरकवलं.